वेटिंग रूममधला कोतो

३ मार्च, सोमवार

निर्णय झाला. वेटिंग रूममधला रेडिओ बंद. बावीस वर्षं माझ्या पेशंटांनी जाहिराती आणि धांगडधिंगा ऐकला, आता पुरे. उद्यापासून जपानी वाद्यसंगीत. कोतो म्हणजे तेरा तारांचं, आडवं ठेवून वाजवायचं वाद्य. शाकुहाची म्हणजे बांबूची बासरी. शब्द नाहीत, ठेका नाही, नुसती शांती. दंतवैद्यांच्या परिषदेत एक वक्ते म्हणाले की पेशंटची निम्मी भीती कानांतून आत शिरते. हॉलमध्ये तीनशे डेंटिस्ट होते. लिहून फक्त मी घेतलं.

दवाखाना बाबांनी सुरू केलेला. बाहेर नऊ खुर्च्या. समोरच्या इमारतीत माझ्या वर्गमित्राने दातांचं दुकान थाटल्यापासून चारच भरतात. ही म्हणते, असंच चाललं तर जूनमध्ये शटर ओढावं लागेल. हिला संगीतातलं काही कळत नाही.

खालची डावी दाढ किंचित जाणवते. थंड पाणी प्यालो होतो, त्याचं असेल.

४ मार्च, मंगळवार

शुभारंभ. पाच तासांचा ट्रॅक लावला. काउंटरवरच्या बाई बाबांच्या वेळेपासून आहेत, त्यामुळे त्यांना नवीन काही रुचत नाही. स्पीकर बिघडलाय का, मधेच बंद पडतोय, असं तीनदा विचारून गेल्या. त्यांना समजावलं की दोन सुरांच्या मधली शांतता हीच या संगीतातली खरी गंमत, जपानी लोक तिला 'मा' म्हणतात. बाई बरं म्हणाल्या.

पेन्शनर काकांचं रूट कॅनल सुरू केलं. पहिलं सिटिंग. ड्रिल लावल्यावर काका नेहमीप्रमाणे ओरडले. बाहेर मात्र टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता! हात धुऊन बाहेर आलो तर तिघांपैकी एकच पेशंट उरलेला. बाई म्हणाल्या, बाकीच्या दोघांना एकदम बरं वाटायला लागलं म्हणून ते घरी गेले.

पहिल्याच दिवशी. उपचाराशिवाय.

६ मार्च, गुरुवार

एक आई पाच-सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. बाई सांगत होत्या, मुलगी चांगली खेळत होती. बासरी थांबली, आतलं ऐकू आलं, तेव्हा तिने आईला विचारलं की आत कोणाला मारतायत का. आईने तिला कडेवर घेतलं ते थेट जिना उतरूनच खाली ठेवलं म्हणे. मुलांचे कान फार तयार असतात. या वयात असं संगीत कानांवर पडणं चांगलंच.

दाढेकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलंय. उजवीकडून चावतो.

८ मार्च, शनिवार

बाईंनी पुन्हा रेडिओचा विषय काढला. त्यांचं म्हणणं, मधलं पार्टिशन प्लायवुडचं आहे, रेडिओने आतला आवाज झाकला जायचा, आता सगळं बाहेर उघडं पडतं. मी म्हटलं, बाई, पार्टिशन बाबांनी घातलंय. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. मुद्दा बिनतोड असला की माणसं गप्प बसतात.

खुर्च्या भरल्या दोन. त्यातला एक जण पंखा दुरुस्त करायला आला होता.

११ मार्च, मंगळवार

काकांचं दुसरं सिटिंग. काका आले नाहीत. दाढेत तात्पुरतं सिमेंट भरलेलं आहे, आठवड्याच्या वर ठेवणं बरं नव्हे. संध्याकाळी रस्त्यात दिसले, तर मला बघून पलीकडच्या फुटपाथवर गेले. या वयात इतकं चपळ चालणं म्हणजे तब्येत सुधारल्याचं लक्षण.

समोरच्याकडची गाणी इथपर्यंत ऐकू येतात. ढिंगचॅक. त्याला आवाज कमी करायचा निरोप पाठवला. त्याने उलट निरोप दिला की तुझी दाढ कशी आहे? याला कोणी सांगितलं? कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. एकमेकांचे दात तपासायचं प्रॅक्टिकल दर बुधवारी असायचं. मी त्याचे तपासायचो. माझे तपासायची पाळी आली की मला ताप यायचा. वर्षभर, दर बुधवारी.

१३ मार्च, गुरुवार

घरीही जेवताना कोतो लावला. नेमकी शाकुहाची थांबली आणि माझ्या तोंडून स्स् निघालं. हिने मान वर करून विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही, आमटी गरम आहे. पुन्हा बासरी थांबली, पुन्हा स्स्. ही म्हणाली, आमटी कालची आहे, फ्रीजमधून आत्ताच काढलीय, आणि दाढ दुखतेय हे तिला आठ दिवसांपासून माहीत आहे. बाईंनी फोन करून सांगितलं म्हणे. घरचे आणि दारचे एक झाले की माणसाने कुठे जायचं?

ही म्हणाली, समोर जा. मी हसलो. हसताना दुखलं.

१७ मार्च, सोमवार

बाईंनी काम सोडलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, दिवसभर लोकांचं कण्हणं ऐकून रक्तदाब वाढतो, पूर्वी निदान गाणं असायचं. एकोणतीस वर्षांची सवय अशी तोडली. निरोपादाखल त्यांना जपानी ट्रॅकची प्रत देऊ केली. नको म्हणाल्या. डोळे पुसत होत्या. माझेही भरून आले, पण ते दाढेमुळे.

जाताना रेडिओची वायर प्लगला लावून गेल्या. मी काढली.

१९ मार्च, बुधवार

आज एकही पेशंट नाही. पाच तासांचा ट्रॅक पहिल्यांदाच अखंड ऐकला. मधे कसलाही अडथळा नाही. काय वातावरण! परिषदेतले वक्ते आज इथे हवे होते. दुपारी जिन्यात पावलं वाजली म्हणून उठून कोट नीट केला. वरच्या मजल्यावर जाणारा कुरियरवाला निघाला.

नऊ खुर्च्या पुसून घेतल्या. बाबा रोज पुसायचे.

२१ मार्च, शुक्रवार

छोट्या आरशात स्वतः पाहिलं. कीड थेट आतल्या नसेला भिडलीय. रूट कॅनल, तीन सिटिंग. दुसऱ्या कोणाला असतं तर उशीर का केलात म्हणून झापलं असतं.

उपाय: इअरफोन लावून शाकुहाची. गुण येईलच, जरा वेळ लागतो. बासरी थांबली की दाढेतला ठोका मात्र स्पष्ट ऐकू येतो. अगदी तालात.

हिने काही न विचारता समोर माझा नंबर लावला. मी रद्द करणार आहे.

२२ मार्च, शनिवार, संध्याकाळी ५.४०

समोरच्याच्या वेटिंग रूममध्ये बसून लिहितोय. घाबरलोय. वहीत लिहायला काय जातंय.

काउंटरवर आमच्याच बाई. मला ओळखत असूनही नाव आणि वय विचारून रीतसर फॉर्म भरला. 'आधीचे उपचार' या रकान्यात मला न विचारता शून्य लिहिलं. मग हळूच म्हणाल्या की बरं केलंत आलात. पेन्शनर काकांनी सरकून जागा दिली. त्यांचं दुसरं सिटिंग इथे झालंय. म्हणाले, डॉक्टर, काही घाबरू नका, इथे काही कळतच नाही. कोपऱ्यात ती मुलगी आईच्या मांडीवर बसून गाण्यावर पाय हलवतेय.

पार्टिशन इथेही प्लायवुडचंच. बोटाने वाजवून पाहिलं. आपल्यापेक्षा पातळ आहे.

गाणी भयंकर आहेत. ढोल, शिट्ट्या, मधे कोणीतरी ओरडतं. आत काय चाललंय ते काही म्हणजे काही ऐकू येत नाही. माझा नंबर नववा.

आत्ताच एक गाणं संपलं. दुसरं सुरू व्हायला दोनेक सेकंद लागली. तेवढ्यात आतून ड्रिल ऐकू आलं, आणि कोणाचं तरी 'आई गं'. आम्ही सगळे जमिनीकडे बघत बसलो. मुलीचे पाय थांबले.

मी उठलो, काउंटरवर गेलो आणि बाईंना आवाज जरा वाढवायला सांगितला.