सागाच्या चकतीवरची पुसलेली सालं

आश्विन शु. ५, शके १८५९. वडगाव
ह्यांची सागाची चकती उन्हाला काढली. झाड खानापूरच्या रानातलं, १९३४ च्या माघात पाडलेलं. हे तेव्हा जंगलखात्यात कारकून. बुंध्याची चकती मागून आणली. एक कडं म्हणजे एक साल. पाऊस भरपूर तर कडं रुंद, ओढ दिली तर बारीक. तीन वर्षं भिंग लावून मोजतायत, दर कड्यापाशी शिसपेन्सिलीनं साल घालतात. जुन्या पावसाची ही यादी दिवाळीच्या आत पुण्याच्या वेधशाळेतल्या साहेबांकडे जायची. आणि डोळे हे असे. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, काचबिंदू, गेली ती नजर परत नाही. अंबाबाई, यादीपुरती तरी ठेव.

शु. ९, खंडेनवमी
हत्यारांची पूजा. विळी, कात्री, ह्यांचं भिंग मांडलं. चकतीही त्यांचं हत्यारच, म्हणून ओल्या फडक्यानं खसखसून पुसली, तेलाचा हात दिला, हळदकुंकू वाहिलं. शेजारच्या गंगाक्का मागाची पूजा आटोपून आल्या होत्या. म्हणाल्या, "वैनी, लाकडात पाऊस हुडकतात व्हय तुमचं मालक? आभाळाकडं बघा म्हणावं की." आम्ही दोघी हसलो.
दुपारी हे चकतीशी बसले. वाकून, अगदी नाक टेकवून.
"पुसलीस?"
"धूळ होती."
"बरं."
एकही आकडा राहिला नाही. ह्यांच्या वहीत कड्यांची रुंदी लिहिली आहे, पण साल नाही. एका पावसाळ्यात मध्ये उघडीप पडली की झाड दोन कडी धरतं, ती खोटी कडी कुठली, ते फक्त लाकडावर होतं.
जेवताना भात मागून घेतला. रागावले असते तर...

शु. ११
एकादशी. म्हणाले, मला आता दिसायचं नाही, तूच मोज. दाभण घेऊन सालीकडून आत. माझ्या हिशेबाच्या वहीत मागल्या पानांवर नक्षत्रवार पाऊस आहे, लग्न होऊन आले त्या १९१२ पासूनचा. तिथपर्यंत कडी चोख जुळली. खोटं कडंही एक सापडलं: आश्लेषा, मघा कोरडी, मग हस्त धो धो.
त्याच्या मागे साक्षीला कोणी नाही. माझी वही नाही, सासूबाई नाहीत. कडी तेवढी आहेत.

शु. १३
ह्यांचा सगळा आधार अठराशे शहात्तरचा दुष्काळ. त्या सालचं कडं केसाएवढं, ते ओळखू येतंच. माझ्या मोजणीत ते चौऱ्याहत्तरवर पडलं. म्हणजे मध्ये दोन खोटी कडी मी खरी धरली. कुठली दोन? सगळी सारखीच दिसतात. तेलानं लाकूडही काळवंडलं आहे.
ह्यांनी आतून विचारलं, "शहात्तर आलं का गं?"
"आलं."
"जागच्या जागी?"
"हो."
कितीतरी दिवसांनी ह्यांनी आपणहून चहा मागितला.

वद्य २
यादी सांगतायत, मी लिहिते. वहीतली रुंदी मी वाचायची, साल हे लावायचे. दोन कडी कुठे गाळायची ते मीच मनानं ठरवलं, नाहीतर बेरीज बसत नव्हती. प्रत्येक ओळीला हे मान डोलावतात. एकदा म्हणाले, "ब्याण्णवला इतका पाऊस? मला वाटलं होतं कमी असेल. झाड खोटं नाही बोलायचं." मी पुढची ओळ घेतली. सांगावं असं तोंडात आलं होतं. पण सांगून काय, पुन्हा कोण मोजणार?

वद्य ४
सही झाली. जागा मी बोट धरून दाखवली. आता दिव्याची ज्योतही दोन हातांवरून कळत नाही. म्हणाले, नोकरीत दुसऱ्यांची पत्रं नकलण्यात जन्म गेला, हे एक माझं.

वद्य ५
पाकीट टपालात टाकायला मी निघाले होते. जोत्यावर थांबून चकती पुन्हा मोजली, एकदाच, म्हटलं देव देईल दृष्टी. या खेपेला दुष्काळ पंच्याहत्तरवर आला.
हे आतून विचारतायत, टाकलंस का. पाकीट पदराखाली आहे.