शेवटचा भाग

शनिवार, लॉकडाउनचा सातवा आठवडा. क्वेकर्स हिल.

आज नितीनशी मी वाईट वागले आणि मला बरं वाटलं.

डिव्होर्ससाठी इथल्या कायद्याने आधी वर्षभर वेगळं राहायचंय. सध्या जाणार कुठे, म्हणून एकाच घरात दोन खोल्यांत राहतो. एकमेकांसाठी स्वयंपाक करायचा नाही, नाहीतर ते वेगळं राहणं धरत नाहीत, असं वकीलबाईंनी बजावलंय. तरी आज दुपारी त्याने दोघांसाठी पिठलं-भात केला. माझ्या पिठल्यावर कोथिंबीर. अकरा वर्षांत याने कधी कोथिंबीर निवडली नाही.

सध्या एका कोरियन शोचं त्याला वेड लागलंय. वेगळ्या झालेल्या जोडप्यांना त्यात पुन्हा एका घरात राहायला लावतात, परत जमतंय का बघायला. हा भिंतीपलीकडे नाक ओढत बघतो.

मी सगळं जेवले. मग त्याने विचारलं, "तू पुढचे भाग बघितलेस ना? त्या बेकरीवाल्या जोडप्याचं जमतं का गं?"

"नाही. शेवटी ती निघून जाते."

"त्याला सांगून तरी?"

"न सांगता."

साफ खोटं. ती दोघं शेवटी नवं घर बघायला जातात. मी रडलेसुद्धा होते.

"नो वरीज," म्हणाला, ऑफिसच्या कॉलवर म्हणतो तसं. माझंही ताट विसळलं.

का बोलले मी असं? त्या कोथिंबिरीमुळेच. आत्ता सुचली त्याला.

भिंतीपलीकडे शो सुरू झालाय. आवाजावरून कळतंय, पुन्हा पहिला भाग आहे. शेवटचा तो आता कधीच लावणार नाही.