खसखशीचा हलवा आणि लीलाचं विमान

पोंभुर्णा, ता. २७-१२-५४
आज आलेले: रजिस्टर पाकीट एक, कलकत्त्याहून, लीलाच्या सासरचं. आत विमानाचं तिकीट, नागपूर ते कलकत्ता, रु. १३२. पार्सल एक, काळी चंद्रकळा. किमतीची चिठ्ठी काढलेली, पण तिसाच्या खाली नसावी. पोस्टमनला चहा, गुळाचा.
विहीणबाई लिहितात, जावईबापूंना रजा नाही. पोरीने आगगाडीत एकटीने रात्री काढायच्या नाहीत, म्हणून विमान. पहिली संक्रांत. रथसप्तमीच्या आत मोठं हळदीकुंकू. 'हलव्याचे दागिने इथे करवून घेतो, तुम्ही फक्त लेक पाठवा.'
हलवा म्हणजे साखरेत घोळलेले तीळ. मी पत्र दोनदा वाचलं. दिवाळीला माहेरी आलेल्या लीलाने एकदाच वाचलं अन् चुलीपुढे जाऊन बसली.

ता. २८
जप झाला नाही. माळ हातात तशीच.
सातव्या वर्षी लीलाने तिळाचा एक लाडू खाल्ला. ओठ सुजले, डोळे मिटले, श्वासाला शिट्टी. बैलगाडीने मूल गावच्या दवाखान्यात नेली, सुई दिली तेव्हा वाचली. बाराव्या वर्षी तिळाच्या तेलातलं नुसतं एक भजं, अन् पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, "तिळाचं वावडं आहे तिला. इंग्रजीत अॅलर्जी. पुढची वेळ याहून वाईट." तेव्हापासून घरात तीळ नाही. दर संक्रांतीला शेजारी सांगायचं, लीलाला ताप आहे.
लग्न ठरताना हे म्हणाले होते, सांगून टाकू. मीच नको म्हटलं. मुलीत खोड आहे म्हणतील. लग्न झालं की सांगू. वैशाख गेला, दिवाळी गेली.
आज विचारलं, जावईबापूंना तरी सांगितलंस?
"तूच नको म्हणाली होतीस ना, आई."

ता. ३०
हे मूलला जाऊन आले. डॉक्टरांनी चार गोळ्या दिल्या. म्हणाले, आगगाडी असती तर पुढल्या स्टेशनावर उतरवता आली असती. वर सुई देणार कोण?
गोळ्या लीलाच्या पिशवीत ठेवल्या.

ता. २-१-५५
सलीमभाई आले होते, मूलचे लाकडाचे ठेकेदार. विमानात बसलेला आमच्या ओळखीतला एकच माणूस. मी दाराआडून विचारलं.
"भाभी, घाबरायचं काम नाई. वर चढते वक्त कान दाटतात. मंग एक बाई ताट घेऊन येते, गोड गोळ्या अन् कापूस. गोळी चघळली का कान खुलतात. मंग खायचा डब्बा देते."
"डब्यात काय असतं?"
"मले त पाव होता. त्याच्यावर काहीतरी पेरलं होतं, पांढरं पांढरं."
"खसखस का तीळ?"
"आता ते का मी विचारत बसलो? भूक लागली होती."
हे हसले. मला हसू आलं नाही. ताटातल्या गोळीत काय, पावावर काय, कोण सांगणार? अन् खाली जमीन नाही.

ता. ३
ठरवलं. तिने विमानातलं काही तोंडात घालायचं नाही. दुधातल्या दशम्या बांधून देते. कानांसाठी गोळी हवी तर माझा हलवा चघळेल, खसखशीचा. खसखस तिला बाधत नाही, अनारशांवरची नेहमी खाते. दागिनेही त्याचेच करते. विहीणबाईंना पत्र टाकलं, 'पहिल्या संक्रांतीचे दागिने माहेरचे असावेत अशी माझी हौस.' हौस लिहिताना पेन अडखळलं.

ता. ७
तीन दिवस शेगडी, परात, पाकाचे थेंब. खसखशीवर साखर चढायला जीव जातो. बोटं पोळली, पण काटा छान आला. यांची थोरली बहीण रखमाबाई मदतीला आहेत. पहिल्या दिवशीच म्हणाल्या, "तीळ नाई त संक्रांत कायची व?" मी म्हटलं, बाई, तुम्हाला ठाऊक आहे. त्या खसखस निवडू लागल्या.
बिंदी, गळसरी, बांगड्या, बाजूबंद. उरलेला हलवा लहान डबीत, विमानासाठी.

ता. ९
हे अन् लीला सकाळच्या मोटारीने गेले. नागपूरला माझ्या दादाकडे मुक्काम, विमान ११ तारखेला. तिच्याकडून सगळं वदवून घेतलं. ताटातली गोळी नाही. डबा नाही. कान दाटले की माझ्या डबीतले दोन दाणे. पाणीसुद्धा घरचं प्यायचं.
"आई, पाण्यात तीळ नसतात."
मोटार वळेपर्यंत तिचा हात दिसत होता. चांद्याच्या महाकालीला ओटी बोलले.

ता. १०
दुपारी रखमाबाई परात घासत होत्या. आपणहून म्हणाल्या, "काळजी नोको करू. शकुनाचे पाच तीळ टाकले मी."
मी म्हटलं, कशात?
"हलव्यात. तू पूजेले बसली होती तवा. लेकराची पहिली संक्रांत, कोरी कशी जाऊ देऊ? अन् ते वावडं लहानपणचं. हळद लागली का सारं जाते."
कुठे आहेत ते? गळ्यातल्यात का डबीत?
"आता कसं सांगू? साखर चढली का सारे सारखेच."
मग त्याच रडायला लागल्या, अन् मी त्यांना पाणी दिलं.
मोटार उद्या सकाळी. त्याआधी काही नाही. पायी बारा-पंधरा मैल, मधे जंगल.
डबी मीच तिच्या हातात दिली.

ता. ११
पहिल्यांदा एकटी मूलला गेले. तारघरात फॉर्म भरला, मॅट्रिकचं इंग्रजी एवढ्यालाच कामी आलं. दादाच्या पत्त्यावर, लीलाने हलवा खाऊ नये, फेकावा. तारबाबू वाचून म्हणाले, "बाई, हलव्यासाठी तार? पत्र टाका ना, स्वस्तात जाईल." मी म्हटलं, पाठवा. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं अन् शब्द मोजले.
कलकत्त्याचाही फॉर्म लिहिला. जावईबापूंचं नाव, पत्ता. मग पुढे काय लिहायचं? तिळाचं लिहिलं की सगळं उघडं. शाई वाळेपर्यंत पाहत राहिले. फाडला.
हे इथे लिहून ठेवते. फाडला.

ता. १२
काही नाही. टपाल आलं, आमचं नव्हतं. रखमाबाईंचा उपास. माझा पण.

ता. १३
हे आले. मी दारातच विचारलं, तार मिळाली? "कसली तार?" दुपारीच घरून निघाले होते दोघं, विमानतळ लांब. तार दादाच्या घरी त्यांच्या मागे आली असणार.
सगळं सांगितलं. हे ओट्यावर बसले. तारेच्या कुंपणापर्यंतच जाऊ देतात म्हणाले. ती चढताना वळली, हात हलवला. दुसऱ्या हातात डबी होती.
मग खिशातून पाकीट काढलं. मूलच्या तारघरात आपल्या नावाची तार पडली होती, जावईबापूंची. 'रीच्ड. लेटर फॉलोज.'
पोहोचली. पत्र मागून येत आहे.
'सेफ' नाही, 'वेल' नाही. तारेत शब्दाला पैसे पडतात हे मला कोणी सांगायला नको. पण पत्र कशाला मागून? काय आहे जे तारेत मावलं नाही?
हे म्हणतात, तू उगाच अर्थ काढतेस. पण जेवले नाहीत.

ता. १४, संक्रांत
आज सणाची मोटार नाही, म्हणून हे उद्या पहाटे मूलला जातील. आता कलकत्त्याला तार करायची, 'दागिने घालू नका, हलवा खाऊ देऊ नका.' मीच म्हटलं. सोबत विहीणबाईंना पत्र, कारण बाकीचं तारेत मावत नाही. नक्कल ठेवते.

'सौ. विहीणबाईंस, सा. न. वि. वि.
लीलाला तिळाचं वावडं आहे. एक तीळ पोटात गेला तरी अंग सुजतं, श्वास कोंडतो. हे आम्हांला लग्नाआधी ठाऊक होतं अन् मी लपवलं. लीलाचे वडील सांगून टाकू म्हणत होते, त्यांचा दोष नाही. लीलाला मीच गप्प केलं, तिचाही नाही.
मी पाठवलेल्या हलव्यात पाच तीळ गेले आहेत. कुठले ते देवालाच ठाऊक. ते दागिने तिच्या अंगावर घालू नका. कोणी तिला तिळगूळ देऊ लागलं तर तुम्ही मधे हात घाला. तिला नाही म्हणवत नाही, मी शिकवलं नाही. विमानात कानांसाठी म्हणून तिने त्यातलेच दाणे खाल्ले असतील, माझ्या सांगण्यावरून. रात्री-बेरात्री दम लागला तर डॉक्टरांना तिळाचं नाव सांगा, वेळ घालवू नका.
माझ्यावर जो राग करायचा तो करा, समोर येऊन ऐकून घेईन. तिच्यावर करू नका.
ती कशी आहे तेवढं कळवा. खाली तिच्या हातची एक ओळ असू द्या, नुसती सही असली तरी चालेल. उलट टपाली.'