चेनसॉ पुतणीला, तपासून

मी, झाडं तोडणे आणि छाटणे या धंद्यात जन्म घालवलेला, वय चौसष्ट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्या दडपणाखाली न येता लिहीत आहे. फुप्फुसं कामातून गेली आहेत, डोकं नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत आहे. लग्न केलं नाही, त्यामुळे भांडायला वारस कमी.

१. राहतं घर आणि बँकेत असेल ते माझ्या पुतणीला, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलीला. तिची आई, माझी वहिनी, त्याच घरात राहते. ते लिहून द्यायची गरज नाही.

२. मोठी शिडी शेजारच्या लोहाराला. बारा वर्षं ती त्याच्याकडेच आहे. आता निदान मला बघून आत पळायचं कारण संपेल.

३. बागवाल्या कंत्राटदाराला काडीसुद्धा देऊ नये. दादाच्या अंत्यविधीत तो चारचौघांत म्हणाला, "धसमुसळाच होता. आपल्या हाताने मेला." त्या दिवसापासून, एकोणीस वर्षं, मी त्याच्याशी बोललेलो नाही. त्याला तिथल्या तिथे खोटं पाडणं माझ्या हातात होतं. का पाडलं नाही ते कलम पाचमध्ये आहे.

४. पिवळी चेनसॉ पुतणीला. ती सोमवारपासून एकटी कामावर जाणार आहे, म्हणून हे कलम माझ्या मरणाची वाट न बघता आजच लागू समजावं. मशीन आमच्याकडे आली तीच वापरलेली, आणि वापरलेल्या मशीनवर आधीच्या मालकाच्या शब्दाखातर विसंबायचं नसतं. माझ्याही नाही. रोज सकाळी मशीन बंद ठेवून, प्लगची टोपी काढून बघावं: साखळी ज्या लांब पट्टीवरून फिरते तिच्याखाली लोंबत नाही ना, आणि हातमोज्याने ओढली तर सरकते ना. साखळी तुटलीच तर अडवणारा खालचा खुंट शाबूत आहे ना. भुसा पिठासारखा पडायला लागला की दात बोथट झाले. काम थांबवून कानस घ्यावी. मग मशीन चालू करून बघावं: एक्सिलेटर सोडल्यावर साखळी फिरता कामा नये. शेवटी ब्रेक. पुढच्या मुठीसमोरची ढाल मनगटाने पुढे ढकलली की साखळी जागच्या जागी थांबली पाहिजे. थांबली नाही तर त्या दिवशी काम नाही, गिऱ्हाईक कितीही बोंबललं तरी.

लोक म्हणतात, काका डोळ्यात तेल घालून मशीन बघतो. हे डोळे मला फार उशिरा आले.

५. ही मशीन मी त्याच कंत्राटदाराकडून घेतली. ढालीच्या आत चीक आणि भुसा बसला होता, त्यामुळे ब्रेक भलत्या वेळी लागायचा. झाकण उघडून ब्रशने साफ करायला अर्धा तास लागला असता. मी ढाल तारेने मुठीला बांधून टाकली. संध्याकाळी बघू, म्हटलं. अशा आठ संध्याकाळी गेल्या.

नवव्या दिवशी दादाने मशीन उचलली. "ही तार कसली रे?"

"ब्रेक सारखा लागतो. राहू दे, मी बघतो."

"तू म्हणतोस म्हणजे ठीकच असेल," तो म्हणाला.

पट्टीचं टोक मागच्या फांदीला लागलं आणि मशीन उसळून त्याच्या मानेवर आली. त्याचं मनगट ढालीवर आदळलेलं मी पाहिलं. ढाल हलली नाही. मी धावलो. आधी दादाला धरलं की आधी पक्कड काढली, हे मला नीट आठवतं. आधी पक्कड काढली. तार तोडून खिशात घातली आणि मग ओरडलो.

सगळ्यांना सांगितलं, दादाचा हात सुटला. पुतणी तेव्हा सहा वर्षांची होती. मोठी झाल्यावर तिने तीनदा विचारलं, "काका, बाबांचा हात कसा सुटला?" तिन्ही वेळा मी म्हणालो, "घाई केली त्याने." दादाचा हात सुटला नव्हता. तो चांगला कामगार होता, माझ्याहून चांगला. मला त्याची लाज नाही, माझी आहे. तार लिफाफ्यात घालून सोबत जोडली आहे.

६. हे वाचून पुतणीने मशीन ठेवावी किंवा घणाने फोडावी. मला खांदा द्यायचा की नाही, तेही तिनेच ठरवावं.

सही: (वाकडी आली आहे, पण माझीच आहे)

साक्षीदार पहिले: घरी येणारे डॉक्टर. सही.

साक्षीदार दुसरे: समोरचा शिंपी. सही.

खुलासा: दुसरी साक्ष वहिनीची घ्यायची होती. ती चष्मा न लावताच म्हणाली, "कुठे सही करू भाऊजी? तुम्ही लिहिलंय म्हणजे ठीकच असेल." मी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि म्हणालो, "आधी वाचा." तिने कलम पाचपर्यंत वाचलं. मुलीला हाक मारत बाहेर गेली, म्हणून शिंप्याला बोलावलं.

जाताना लिफाफा ती घेऊन गेली. तरी कलम पाचमधलं शेवटचं वाक्य रद्द समजावं.

ठिकाण: राहतं घर, मागची खोली
दिनांक: अकरा मार्च, शनिवार, सकाळ