देवचाराची चिलीम आणि लॅबची बाटली

३ नोव्हेंबर, सकाळी
सिलेक्शन झालं! शिरोड्याच्या नव्या रिसॉर्टमध्ये बोट सुपरवायझर. इंटरव्ह्यू मीच गाजवला. साहेबांना प्रश्न विचारायला वावच ठेवला नाही. बायकोला, रसिकाला सांगितलं, आता तुझी काजू फॅक्टरी बंद. टरफलांच्या तेलाने तिची बोटं काळी पडलीत, कातडी सोलवटते. इतकी वर्षं घर त्या बोटांवर चाललंय हे मला कळतं. फक्त बोलून दाखवत नाही.

संध्याकाळी
मेल आला. जॉइनिंगच्या आधी ड्रग टेस्ट. लघवीची! डोकं फिरलं. आमचे आजोबा गलबतावर तांडेल होते. त्यांच्या हातात कोणी बाटली दिली होती का? ठराव: टेस्ट देणार नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

४ नोव्हेंबर
एचआरच्या अनुजा मॅडमना फोनवर सुनावलं. त्या म्हणाल्या, बोटीत लोकांची पोरं बसणार, नियम सगळ्यांना सारखा. म्हटलं, मी साधी सुपारीसुद्धा खात नाही. (जेवणानंतर खातो, पण ती पचनासाठी.) त्या म्हणाल्या, मग घाबरता कशाला?
घाबरतो? मी? आता देणारच. असा रिपोर्ट देतो की फ्रेम करून ऑफिसात लावतील.

६ नोव्हेंबर
टेस्ट शनिवारी, वेंगुर्ल्यात. गुरुदासतात्या आले होते. आमच्या वाडीत राखणदार देवचाराला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुठलंच काम होत नाही, आणि तात्यांशिवाय गाऱ्हाणं होत नाही. उद्याचं ठरलं. रसिका म्हणाली, टेस्ट लॅबात आसा, तुमी देवचाराकडे कित्याक जातास? हसलो. बायकांना सिस्टिम कळत नाही.

७ नोव्हेंबर, दुपारी
गाऱ्हाणं दणक्यात. तात्यांनी आवाज लावला, बा देवचारा म्हाराजा, ह्या लेकराच्या टेस्टीत काय एक गावू नये, रे म्हाराजा! अख्खी वाडी म्हणाली, व्हय म्हाराजा! माझ्या डोळ्यांत पाणी आलं.
मग नारळ, आणि रिवाजाप्रमाणे चिलीम. आमच्या देवचाराला गांजाच लागतो, नुसत्या तंबाखूने तो कोपतो. ज्याचं काम, त्याने पहिला झुरका घ्यायचा. धूर देवाचा, ओढणारा काय, नुसती नळी. तात्या म्हणाले, काम मोठा आसा, आणखी ओढ. ओढला. टेस्टची काळजी पार गेली. सगळ्याच काळज्या गेल्या.

८ नोव्हेंबर
दिली टेस्ट. मान ताठ. बाटली काठोकाठ भरली. लॅबवाला म्हणाला, एवढी नको होती. फॉर्मवर 'अलीकडे घेतलेली औषधे' यापुढे 'नाहीत' लिहिलं. प्रसाद औषधात मोडत नाही.

११ नोव्हेंबर
गांजा सापडला म्हणे. नोकरी रद्द.
मॅडमना शांतपणे समजावलं (त्या म्हणाल्या, ओरडू नका) की गांजा माझा नव्हे, देवचाराचा. हवी तर त्याची टेस्ट घ्या. तात्यांना साक्षीला चला म्हटलं, तर म्हणाले, माका ह्यात खंय ओढतंस? माझो झील गोव्याक हाटेलात आसा, थंय पण टेस्ट जाता. म्हणून तो पोरगा गाऱ्हाण्याला कधी थांबत नाही होय!

१२ नोव्हेंबर
ठराव: ओरोसला कलेक्टर ऑफिससमोर आमरण उपोषण. श्रद्धेवर घाला म्हणजे काय! रसिका बोटांना खोबरेल लावत बसली, माझ्याकडे बघितलं नाही. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. तेव्हा ओरोसला जाणं अधिकच गरजेचं.

१४ नोव्हेंबर, ओरोस
एसटी उशिरा आली, उपोषणही उशिरा बसलं. पोलिसाने विचारलं, बोर्डावर 'गांजा' एवढ्या मोठ्या अक्षरात कशाला? सविस्तर सांगितलं, ओढल्याचंसुद्धा. तो म्हणाला, चला, साहेबांना सांगा हे. उपोषण तूर्त स्थगित केलं. बोर्ड तिथेच राहिला. स्टँडवर उसळपाव. आमरण म्हणजे पहिल्याच दिवशी असं थोडंच आहे?

१५ नोव्हेंबर
रसिका शिरोड्याला जाऊन मॅडमना भेटली. येताना लॅबमध्येही गेली होती. माझ्यासाठी शब्द टाकला असणार. मानी बाई, तोंडाने कबूल करणार नाही. मॅडम माफी मागतील तर मीही जास्त ताणणार नाही. बोट सुपरवायझरला मन मोठं लागतं.

१८ नोव्हेंबर
रिपोर्ट आला. एकदम स्वच्छ. रसिकाचा.
रिसॉर्टच्या किचनचं स्टोअर सांभाळणार आहे. तात्या गाऱ्हाण्याचं विचारायला आले होते. तिने सांगितलं, नारळ ठेवतलंय, चिलीम नको. देवचार कोपेल अशी मला धास्ती होती. कोपला नाही. त्याचंही काही खरं नाही.

२० नोव्हेंबर
फॅक्टरी सुटली. मी म्हटलं होतं, तसंच झालं. रसिकाला नोकरी करायची परवानगी दिली. ती कालपासून जाते; परवानगी आज दिली.
संध्याकाळी स्कूटर घेऊन आणायला गेलो. गेटवर वॉचमनने अडवलं, तुम्ही कोण? तांडेलांचा नातू, सिलेक्टेड कँडिडेट, सगळं सांगून पाहिलं. हलेना. शेवटी म्हटलं, स्टोअरच्या रसिकामॅडमचा नवरा.
उठून त्याने मला बसायला खुर्ची दिली.