ओमचं लॉगिन

३ नोव्हेंबर
पुण्याजवळ माणमध्ये खोली मिळाली! मालकीण सगुणाबाई. त्यांच्या शेतावर आता चार मजली इमारत आणि आम्ही भाडेकरू. गच्चीवरून एकीकडे काचेची ऑफिसं, दुसरीकडे उरलेलं एकच खाचर, त्यात कापलेला भात पसरलेला. परभणीहून आणलेले लाडू त्यांना दिले, त्यांनी गरम इंद्रायणी भात वाढला. माझं गौतमी हे नाव त्यांच्या नात्यातही आहे म्हणे. त्यांचा मुलगा ओम माझ्याच कंपनीत, डेटाबेसवरच आहे. काम फार, घरी येणं होत नाही, पण दुपारी फोन करतोच. उद्या ओळख करून घेईन.

५ नोव्हेंबर
पहिलंच काम अवघड निघालं. आमच्या सर्व्हरवर रुग्णालयांचा औषधसाठा असतो. सकाळपासून नोंदी अडकल्या होत्या. शोधलं तर एकच सेशन, म्हणजे कुणाचं तरी उघडं राहिलेलं लॉगिन, साठ्याचं मुख्य टेबल लॉक करून बसलेलं, बाकी सगळी त्याच्यामागे रांगेत. लॉगिन ओमचं. करत काहीच नव्हतं, नुसतं धरून बसलं होतं. त्याला जाऊन सांगावं म्हणून आमच्या टीमच्या प्रमुख शुभांगी मॅडमना त्याची जागा विचारली. त्या म्हणाल्या, ओम गेल्या वर्षीच गेला, इथल्याच रस्त्यावर, टँकरखाली. लॉगिन काढायचं राहिलं असेल, बंद कर. मी सेशन तोडलं, लॉगिनही काढून टाकलं. सर्व्हर मोकळा झाला. सगळ्यांनी कौतुक केलं.
सगुणाबाईंना ते अजून पचलं नसावं, एवढंच वाटलं.

६ नोव्हेंबर
सगुणाबाई जिन्यात बसून होत्या. कालपासून ओमचा फोन नाही, ऑफिसात काही झालं का, विचारत होत्या. नेटवर्क नसेल, म्हणाले.

१० नोव्हेंबर
टेबल पुन्हा अडकलं. सेशन ओमच्या मशीनवरून. ते मशीन कधीच भंगारात गेलंय. लॉगिन मात्र माझं. मी तेव्हा कॅन्टीनमध्ये होते. येऊन तोडलं. नंतर चहा घेताना लक्षात आलं, डाव्या हाताला कप भाजत नाही. बोटं लाल झाली होती, दुखलं नाही. घाबरायला हवं होतं. तेही झालं नाही.

१२ नोव्हेंबर
रोज येतंय. रोज तोडते. बधिरपणा कोपरापर्यंत आलाय. जेवणाला चव नाही.
आईचा फोन. दुपारी किती गोड बोललीस, म्हणाली. काम फार आहे, घरी येणं होणार नाही, असं मी सांगितलं म्हणे.
मी फोन केलाच नव्हता.

१३
सगुणाबाईंना सगळं सांगून टाकलं. ओम नाही, हेही. त्या म्हणाल्या, "ठावं हाय मला. माज्याच शेताच्या कडंला जाळलाय त्याला. पन फोन येत हुता की गं, पोरी. त्यो तू तोडलास."
दार लावून घेतलं त्यांनी.

१४
आज तोडलेलं नाही. सर्व्हर ठप्प. रुग्णालयांतून फोनवर फोन, औषधं सुटत नाहीत. मॅडम ओरडतायत — लांबून ऐकू येतंय.
आईला फोन लावला. कोण बोलतंय, विचारलं तिनं. गौतमी, म्हणाले. ती हसली. गौतमी तर बाबांच्या फोनवर आहे, म्हणाली, आत्ता बोलतेय —
ओमसारखं लॉगिनसकट तोडलं तर आईला पुन्हा फोन जाणार नाही. नाही तोडलं तर हा बधिरपणा अंगभर, आणि मी —
डाव्या हाताचं बोट एंटरवर ठेवलंय. काही जाणवत नाही बोटाला. दाबलं गेलं का, तेच कळत —