कोरडी कातडी

हा-लेफूफा, १२ ऑक्टोबर

ती. मोसिवादादास त्लालीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र बसवाल्याने आठ दिवस खिशात फिरवून काल दिलं. मासेरूत सगळे खुशाल आहेत हे वाचून बरं वाटलं. इथेही पोरं ठीक. मापुसो म्हणते, भाऊजी आता लोकर संघाचे अध्यक्ष झाले, पोटही त्या मानाने वाढलं असेल, त्यांना यंदा अंगावर घ्यायला दुप्पट रुंदीचं ब्लँकेट लागणार. मी तिला दटावलं, पण बघ, लिहिलंच.

आता कामाचं. नव्या कातरशेडचं उद्घाटन २७ तारखेला आहे आणि पहिल्याच दिवशी आपल्या बकऱ्यांची लोकर उतरवायची, असं तू कळवलंस. दादा, तीन आठवडे थांबू या का? ऑक्टोबर अर्ध्यावर आला, म्हणजे वसंत सरत आला, तरी समोरच्या शिखरावरचं बर्फ हललेलं नाही. दुपार कलली की दक्षिणेचा वारा सुटतो आणि घोडी त्याच्याकडे पाठ करून उभी राहते. अंगोरा बकरीचं तुला काय सांगायचं! लोकर अंगावर आहे तोवर तिचा तोरा, उतरली की ओल्या थंडीत दोन तासांत मान टाकते. गावातले म्हातारे खोआबानेबाबा तर म्हणाले, नोव्हेंबर अर्धा सरेपर्यंत ते कात्रीला हात लावणार नाहीत.

बकऱ्या तुझ्या, मी त्या मफीसाने सांभाळणारा. दूध माझं, वर्षाला एक पिल्लू माझं, बाकी शब्द तुझा. म्हणून विचारतो आहे.

वहिनीला नमस्कार. धाकट्यावर माया आहे तशीच राहू दे.

तुझा
त्लाली


मासेरू, १८ ऑक्टोबर

चि. त्लालीस मोसिवाचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. पोटाबद्दल मापुसोला सांग, ते समितीच्या चहा-बिस्किटांचं आहे, त्यात माझा दोष नाही.

तीन आठवडे थांबणं जमणार नाही. पहिली कात्री अध्यक्षाच्या बकरीला लागेल, असा शब्द मी चारचौघांत दिला आहे. इथून, राजधानीतून, पाहुणे येणार आहेत. अध्यक्षच मागे सरला तर बाकीचे कशाला बकऱ्या आणतील? आणि खोआबानेबाबांचं काय सांगतोस! मी रांगत होतो तेव्हापासून ते दर वसंतात बर्फ पाडत आलेत.

रागावू नकोस, पण हिवाळ्यात गेलेल्या त्या दोन बकऱ्या अजून माझ्या मनातून जात नाहीत. तू कातडी पाठवलीस खरी, पण ती भिजून कुजलेली. कानावरची माझी खूण ओळखू येईना. बकरी मेली तर तिचं कातडं मालकापुढे ठेवायचं, ही रीत आपल्याला बापानेच शिकवली. कातडं नसेल तर ती सांभाळणाऱ्याच्या पोटात गेली, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही, लोक म्हणतात. पुन्हा तशी वेळ आली तर कातडी कोरडी आली पाहिजेत.

२७ ला भेटूच. पोरांना आशीर्वाद, आणि वडीलकीचा मान ठेवतोस तसाच ठेव.

तुझा दादा
मोसिवा


हा-लेफूफा, २ नोव्हेंबर

ती. मोसिवादादास त्लालीचा सा. न. वि. वि.

उद्घाटन थाटात झालं. तू भाषण केलंस आणि पाहुण्यांच्याच गाडीने परत गेलास. मापुसोने तुझ्यासाठी कोंबडी शिजवली होती, ती आम्ही दोन दिवस खाल्ली. तिला वाईट वाटलं. मलाही वाटलं, कशाला लपवू?

संघाने तुझ्या खांद्यावर नवं ब्लँकेट घातलं तेव्हा मी मागे बकऱ्या धरून उभा होतो. एकोणपन्नास, सगळ्या उघड्या, गुलाबी, कुडकुडणाऱ्या. एकाच मांडवात मालकाला पांघरूण मिळालं आणि त्यांचं निघालं. लोक टाळ्या वाजवत होते, म्हणून मीही वाजवल्या.

गवत वाढावं म्हणून गावप्रमुखाने खालची कुरणं बंद केली आहेत, तेव्हा उद्या बकऱ्या घेऊन वरच्या तळावर जातो. तिथल्या बकऱ्यांच्या दगडी वाड्याला छप्पर नाही, हे तुला आठवत असेल. झोपडी आहे, ती एका माणसापुरती. रेडिओवर थंडीचा इशारा सांगितला.

जगतील त्या बकऱ्या तुझ्या, मरतील त्यांची कातडी तुझी. या खेपेला लोकांना काही म्हणू देणार नाही. हे टोचून लिहिलेलं नाही. म्हणजे लिहिलंय टोचूनच, पण मनात अढी नाही.

थोरल्याची माया आटू नये, एवढंच मागणं.

तुझा
त्लाली


मासेरू, ९ नोव्हेंबर

चि. त्लालीस मोसिवाचे अ. उ. आ.

चार दिवस रेडिओला कान लावून बसलो आहे. डोंगरात गुडघाभर बर्फ, खिंड बंद, तारा तुटलेल्या, खालच्या अंगाला गारा आणि नद्यांना पूर. उन्हाळ्याच्या तोंडावर, नोव्हेंबरात असं कधी ऐकलं होतं? माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. बकऱ्यांचं काय झालं असेल, हेच सारखं मनात येतं.

संघात तोंड दाखवायची सोय उरलेली नाही. इतक्या लवकर लोकर उतरवायची घाई कोणाला होती, असं जो तो विचारतो. परवापर्यंत हेच लोक टाळ्या पिटत होते.

जितक्या मेल्या असतील तितक्यांची कातडी नीट काढ. कान शाबूत ठेव आणि पाणी लागू देऊ नकोस. तुझ्यावर अविश्वास नाही, पण मला ती समितीपुढे मांडावी लागतील. मांस वाटून टाक, ते मी विचारणार नाही.

तू जपून राहा. तसा तू बकऱ्यांपेक्षा काटक आहेस, म्हणून तुझी काळजी नाही. रस्ता उघडला की लगेच लिही.

लोभ आहेच, सांगायला नको.

तुझा दादा
मोसिवा


हा-लेफूफा, १६ नोव्हेंबर

भाऊजी मोसिवा यांस मापुसोचा नमस्कार.

तुमचं पत्र आज पहिल्या बसने आलं. त्यावर यांचं नाव होतं, फोडलं मी. हे आता नाहीत. शनिवारी यांना पुरलं. रस्ता बंद होता, तारा पडल्या होत्या, तुम्हाला कळवायला वाटच नव्हती.

पावसाने सुरुवात झाली, मग गारा, मग बर्फ. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन तास आभाळ उघडलं. तेवढ्यात शेजारच्या तळावरचे चौघे आपली जनावरं तिथेच टाकून खाली उतरले. त्यांनी यांना हाका मारल्या. हे म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, एवढी कातडी काढतो आणि येतो. चौघेही घरी पोचले. आज ते माझ्या दारात बसून रडतात, मी त्यांना चहा देते.

खोआबानेबाबा तीन माणसं घेऊन चौथ्या दिवशी वर गेले. एका माणसापुरती ती झोपडी, तीत यांनी सतरा बकऱ्या दाटीने कोंबल्या होत्या. त्या जगल्या. हे बाहेर भिंतीला टेकून बसलेले होते, अंगात नुसता सदरा, हातात सुरी. बत्तीस मेल्या, त्यातल्या एकतीस सोलून झाल्या होत्या. बत्तिसावी अर्धी राहिली होती, ती मी सोलली. कान शाबूत आहेत.

सतरा बकऱ्या खोआबानेबाबांच्या वाड्यात आहेत. येऊन घेऊन जा. माझ्या घरी तुमचा मफीसा नको आणि माझ्या पोराच्या, पुसोच्या, हातीही देऊ नका.

यांना पुरताना अंगावर खोआबानेबाबांचं ब्लँकेट घातलं. यांचं स्वतःचं होतं, पण ते यांनी कातड्यांच्या ढिगावर घालून चारी कोपऱ्यांना दगड ठेवले होते. मी ते काढून घेतलं नाही. कातडी त्यातच बांधून बसवाल्याकडे दिली आहेत.

पत्राच्या शेवटी हे तुमची माया मागायचे. मला काही मागायचं नाही.

मापुसो

ता. क. समितीपुढे मांडण्याआधी गाठोडं सोडून स्वतः हात लावून बघा. एकही भिजलेलं नाही.